हॉलिसचं नाव वाचायला

उपासना अमेरिकन नेव्हीच्या रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव दलात, गेली तेव्हा तिनं मला सांगितलं होतं, "आई, महिन्यातून एक वीकएंड आणि वर्षातून दोन आठवडे. बास." ती वुस्टरच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तेच काम तिथे करायचं, फक्त कपडे वेगळे, असं तिचं म्हणणं. माझा नवरा सुभाष तर खूशच झाला. त्याचे आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते. श्रूजबरीच्या आमच्या घरात बाबासाहेबांच्या शेजारी त्यांचा फोटो आहे. "रक्तातच आहे आमच्या," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

मला भीती वाटायची, पण ती मी महिन्यातल्या एका वीकएंडपुरती बांधून घातली होती. शुक्रवारी तिची गाडी ड्राइव्हवेतून बाहेर पडली की सुरू व्हायची, रविवारी आत आली की संपायची. तीन वर्षं असंच चाललं.

गेल्या वर्षी मे महिन्यात ती म्हणाली, "मेमोरियल डेला माझ्यासोबत मेनला येशील? एका बेटावर जायचंय."

मेन राज्याच्या किनाऱ्यापासून दूर क्विल नावाचं बेट आहे, चाळीसेक घरांचं. सगळे लॉब्स्टर पकडणारे. दुसऱ्या महायुद्धात तिथला हॉलिस नावाचा एक मुलगा बुडाला होता. तोही रिझर्व्हमधलाच. दर वर्षी मेमोरियल डेला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी, तिथे त्याचं नाव वाचतात आणि उपासनाच्या युनिटमधून एक जण युनिफॉर्ममध्ये जाऊन उभा राहतो. या वर्षी तिची पाळी होती.

"बोटीनं जायचं?" मी विचारलं.

"आई, बेट आहे. बसनं कसं जाणार?"

मी नागपूरची, इंदोऱ्यात वाढलेली. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, अमेरिकेचं विमान पकडायला मुंबईला आलो तेव्हा, आणि त्याच्याकडे पाठ करून भेळ खाल्ली. पण तिनं बऱ्याच दिवसांनी मला कुठेतरी चल म्हटलं होतं. सुभाषचा गुडघा दुखत होता, तो घरी राहिला. निघताना त्यानं तिला जरा जास्तच वेळ जवळ धरलं. तेव्हा मला काही वाटलं नाही.

साडेचार तास गाडी आणि मग सव्वा तास टपालाची बोट. मी डोळे मिटून बाकाची कड धरून बसले होते. धक्क्यावर आम्हाला घ्यायला हॉलिसची धाकटी बहीण आली होती. व्हर्ना तिचं नाव. वय नव्वद, पायात रबरी बूट, हातात काठी, आणि स्वतः पिकअप चालवत आलेली. मी मनातल्या मनात तिला व्हर्नाबाईच म्हणायला लागले.

त्यांच्याच घरी आमची सोय होती. उपासनाला खाली सोफा दिला आणि मला वरची खोली. "ही हॉलिसची," त्या म्हणाल्या. खिडकीतून पाणीच पाणी दिसत होतं. भिंतीवर फोटो होता. बावीस वर्षांचा पोरगा, मोठे कान, टोपी जरा तिरकी. कसा गेला, हे मी विचारलं नाही. संध्याकाळी जेवताना त्यांनीच सांगितलं.

"तो म्हणायचा, वर्षातून दोन आठवडे जहाजावर जायला मिळतं, बाकी वर्षभर आपली होडी आहेच. मग लढाई आली आणि पहिल्याच महिन्यात बोलावणं आलं. त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत त्याचं जहाज बुडालं. तार किनाऱ्यापर्यंत आली, पण बंदरात बर्फ होता, टपालाची बोट नऊ दिवस आलीच नाही. त्या नऊ दिवसांत मी काय केलं माहीत आहे? मी आठ वर्षांची होते. त्याची खोली उबदार होती म्हणून आईच्या मागे लागून तिथे राहायला गेले. माझ्या बाहुल्या मांडल्या. आई म्हणाली, तो आला की परत द्यायची."

उपासना मान खाली घालून भाकरीसारखा तो जाड ब्रेड कुस्करत होती.

"तारेत काय होतं?" तिनं विचारलं.

"बेपत्ता. मेला असं नव्हतं लिहिलं. वर्ष आणि एक दिवस झाल्यावर मग मेला असं कळवलं. ते वर्षभर आई रोज धक्क्यावर जायची, आणि बोटीचा भोंगा ऐकू आला की घराकडे पळत सुटायची. बोटीवर काय आलंय ते पाहायची तिची छातीच होत नसे."

त्या रात्री मला हॉलिसच्या पलंगावर झोप आली नाही, एवढंच सांगते.

सकाळी उपासना युनिफॉर्मला इस्त्री करत होती. मी स्वयंपाकघरात व्हर्नाबाईंना बटाटे सोलून देत होते. समारंभानंतर सगळ्या बेटाला माशाचं सूप असतं, त्याची तयारी. त्या कांदा चिरता चिरता सहज म्हणाल्या, "तू धीराची आहेस. पोरगी नऊ जूनला निघणार, आणि तू तिच्यासोबत इथे आलीस. माझी आई नसती आली."

माझ्या हातातला बटाटा तसाच राहिला.

"नऊ जूनला?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली. "अरे देवा," त्या म्हणाल्या, "तुला माहीत नाही."

उपासनानं युनिटमधून फोन केला होता तेव्हा त्यांना सांगितलं होतं. तिला बोलावणं आलं होतं. नऊ महिने, जहाजावर. कुठल्या समुद्रात ते त्यांनाही नक्की माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं. त्या समुद्राचं नाव मार्चपासून रोज बातम्यांत येत होतं.

मी बाहेर पायरीवर येऊन सुभाषला फोन लावला.

"तुला ठाऊक होतं?"

"तिनं सांगितलं?" त्यानं विचारलं. तेवढ्यानं समजलं.

"काहून नाही सांगितलं मला?"

"तीच सांगणार होती," तो म्हणाला. "तिथे गेल्यावर. सुजाता, तू घाबरशील म्हणून..."

मी फोन बंद केला. मी लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांच्या रक्ताच्या नळ्या हाताळते. हातांना कामाची सवय आहे, आत जाऊन मी उरलेले बटाटे सोलून टाकले.

समारंभ धक्क्यावरच होता. पन्नासेक माणसं, दोन-तीन कुत्री, एक झेंडा. पाद्री चार वाक्यं बोलला. मग उपासनानं कागद धरून वाचलं, हॉलिसचं पूर्ण नाव, हुद्दा, जहाज, तारीख. पांढऱ्या टोपीखाली तिचा चेहरा अगदी लहान दिसत होता. तिचा आवाज कापला नाही. मी तिच्याकडे पाहत होते आणि मला त्या कागदावर दुसरंच नाव दिसत होतं. दिसू नये म्हणून मी कुत्र्यांकडे पाहायला लागले.

नंतर एक होडी बंदराबाहेर जाते. बेटाच्या टोकाशी खडकांची रांग आहे, तिच्यापलीकडे पाण्यावर तरंगती घंटा आहे. तिथे हॉलिसच्या नावानं फांद्यांचं एक कडं पाण्यात सोडायचं आणि परत यायचं. जेमतेम अर्ध्या तासाचं काम. व्हर्नाबाईंचा भाचा डेल याची होडी होती. तो, पाद्री आणि उपासना, असे तिघे गेले. मी धक्क्यावर थांबले. जाताना तिनं हात केला, मी केला नाही. तिला वाटलं असेल मी पाण्याला भ्याले.

ते वळून दिसेनासे झाले आणि दहा मिनिटांत धुकं आलं.

तसं धुकं मी कधी पाहिलं नव्हतं. पाण्यावरून भिंत चालत यावी तसं आलं. आधी खडक गेले, मग बंदरातल्या होड्या एकेक करत गेल्या, मग माझ्यापासून वीस पावलांवर असलेलं धक्क्याचं टोक गेलं. माणसांचं बोलणं हळू झालं. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. धक्क्यावरच्या खोपटातून एक जण रेडिओवर डेलला हाका मारत होता. रेडिओतून नुसती खरखर येत होती.

"टेकडी आडवी येते," व्हर्नाबाई म्हणाल्या. "त्या बाजूनं कधी कधी ऐकू येत नाही." पण त्याही खुर्चीतून उठल्या होत्या.

मग इंजिनाचा आवाज आला. सगळे वळले. आवाज जवळ आला, आणखी जवळ आला, आणि एकदम बंद पडला.

लांब जात जात विरला असता तर निदान कळलं असतं. पण तो मध्येच तुटला. त्यानंतर फक्त खडकांवर पाणी आपटल्याचं ऐकू येत होतं, आणि ती घंटा.

"उपू!" मी ओरडले. "उपूऽ!" पन्नास माणसांसमोर मी मराठीत ओरडत होते. "इकडे ये! उपू, इकडे!" माझा आवाज धुक्यात जाऊन कापसात बुडाल्यासारखा नाहीसा होत होता.

व्हर्नाबाईंनी माझा दंड धरला. त्यांच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी मला ओढत पिकअपपर्यंत नेलं आणि आत बसवलं.

"हॉर्न दाब," त्या म्हणाल्या. "मग दहा मोज. मग परत दाब. थांबू नकोस. त्यांना किनारा कुठे आहे ते कळलं पाहिजे."

मी हॉर्न दाबला. एक, दोन, तीन, चार. माझ्या लक्षात आलं की मी मोठ्यानं मोजतेय. दहा. हॉर्न. मधल्या दहा आकड्यांत काहीच करता येत नसे. सातावर मला वाटे, आता आवाज येईल. आठावर वाटे, आता कधीच येणार नाही. दोघा-तिघांनी आपापल्या गाड्या बेटाच्या टोकाकडे नेल्या आणि तिकडून लाल दिवे पेटवले. पण हॉर्न एकीकडूनच वाजला पाहिजे, म्हणून तो माझ्याकडेच राहिला. मी किती वेळा दाबला माहीत नाही. तळहात लाल झाला होता. मोजता मोजता मी बुद्धं सरणं म्हणायला लागले होते आणि आकडे चुकत होते. व्हर्नाबाई खिडकीशी उभ्या राहून माझे आकडे दुरुस्त करत होत्या. "सहा झाले. आता सात."

सव्वा तासानं धुक्यातून आधी एक काळा डाग दिसला. मग होडीचं नाक. मग डेल, हातात लांब वल्हं घेतलेला.

लॉब्स्टरच्या पिंजऱ्याचा दोर होडीच्या पंख्यात अडकला होता, म्हणून इंजिन बंद पडलं होतं. होडी खडकांकडे वाहत चालली होती. डेल मागच्या बाजूनं अर्धा पाण्यात लोंबकळून सुरीनं दोर कापत होता आणि उपासनानं त्याचे पाय धरून ठेवले होते. दोर तुटला तरी इंजिन लागेना, मग हॉर्नच्या रोखानं वल्हवत आले. ती कोपरापर्यंत ओली होती, टोपी कुठेतरी गेली होती, ओठ निळे झाले होते. आणि ती हसत होती.

"आई, तो हॉर्न तू वाजवत होतीस? डेल म्हणाला, कोण आहे हा, अजिबात थांबत नाही!"

ती बुडेल म्हणून सव्वा तास मी घाबरले होते. तिचं ते हसू पाहिलं आणि त्याहून जास्त घाबरले. तिला भीतीच वाटली नव्हती. अशी माणसं संकटात सगळ्यांच्या पुढे जातात.

मी तिला पिकअपमध्ये बसवून दार लावलं, हीटर लावला.

"नऊ जूनला जाणार आहेस ना?"

तिचं हसणं थांबलं. "कोणी सांगितलं?"

"कोणीही सांगितलं असेल. तू सांगितलं नाहीस."

"सांगणार होते. काल गाडीतच सांगणार होते. मग बोटीवर तुझा चेहरा बघितला आणि..." तिनं ओल्या बाह्या पिळल्या. "तू इतकी घाबरतेस की मला काही सांगताच येत नाही. लहानपणापासून. मला भीती वाटली तरी सांगता येत नाही, कारण मग तुझी सांभाळावी लागते."

हे मला लागलं. पण खरं होतं.

"तुला वाटते भीती?" मी विचारलं.

"रोज," ती म्हणाली. "आज नाही वाटली. आज काम होतं."

मी हीटरची झडप तिच्याकडे वळवली. काचेबाहेर काहीच दिसत नव्हतं.

"मग आता सगळं सांग," मी म्हटलं. "मी ऐकते. रडणार नाही. तुला काही झालं तर मला कसं कळेल?"

तिनं सांगितलं. एखाद्या पेशंटच्या नातेवाइकांना सांगावं तसं, सरळ. युनिफॉर्ममधले दोघं जण घरी येतात. फोन करत नाहीत, दारावर येतात. पहाटे पाचच्या आधी येत नाहीत. आणि जहाजावर कोणाला काही झालं तर सगळ्यांचं इंटरनेट बंद करतात, त्या माणसाच्या घरी कळेपर्यंत. "म्हणून मेसेज आला नाही तर लगेच घाबरू नकोस. बऱ्याचदा सिग्नलच नसतो."

"आणि कधी घाबरू?"

तिनं हीटर बंद केला आणि दार उघडलं.

नऊ जूनला आम्ही तिला सोडून आलो. जून, जुलै, ऑगस्ट ठीक गेले. दोन-तीन दिवसांनी एखादी ओळ यायची. 'ओके आहे.' 'आज पोहे मिळाले असते तर.' व्हर्नाबाई दर रविवारी फोन करायच्या. फार बोलायच्या नाहीत. बेटावर काय चाललंय ते सांगायच्या, मी नागपूरच्या उन्हाचं सांगायची.

ऑक्टोबरमध्ये एका मंगळवारी बातमी आली की त्या समुद्रात एका जहाजावर ड्रोन आदळलं. जहाजाचं नाव सांगितलं नव्हतं. त्याच दिवसापासून उपासनाचे मेसेज यायचे बंद झाले.

बुधवारी मी कामावर गेले आणि अकरा वाजता परत आले. नळ्यांवरची नावं वाचता येईनात. सुभाषनं डोअरबेलमधली बॅटरी काढून ठेवली होती. मी ती परत घातली. "आले तर कळायला नको?" मी म्हटलं. तो जिन्यावर बसला. 'रक्तातच आहे आमच्या' हे वाक्य त्यानं त्या दिवसांत एकदाही काढलं नाही.

गुरुवारी दुपारी बेल वाजली. मी लॉन्ड्रीच्या खोलीत होते. मी ड्रायरच्या मागे भिंतीला टेकून खाली बसले आणि कानांवर हात ठेवले. सुभाषची पावलं, दार उघडल्याचा आवाज, कोणीतरी पुरुष बोलतोय. बोलणं लांबत होतं. एवढं का बोलतायत? मग दार बंद झालं आणि सुभाष आत आला. हातात खोका होता. शेजारच्यांचं पार्सल. आम्ही दोघं ड्रायरला टेकून फरशीवर बसून राहिलो.

त्या संध्याकाळी मी व्हर्नाबाईंना फोन केला. बोलता येईना. त्या म्हणाल्या, "बोलू नकोस. फोन चालू ठेव." त्यांच्या स्वयंपाकघरात भांडी घासल्याचा आवाज येत होता. तासभर मी तो ऐकत होते.

शुक्रवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी मेसेज आला. 'मी ठीक आहे. नंतर बोलते.'

सुभाष मोठ्यानं रडला. मला रडूही आलं नाही. ती ठीक होती आणि तीन दिवस नेट बंद होतं, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी दारावर ते दोघं गेले होते. मला एवढा आनंद झाला होता की स्वतःची लाज वाटली.

रविवारी तिचा फोन आला. एकवीस वर्षांचा मुलगा होता, इंजिनावर काम करणारा. तिच्याकडे आणला तेव्हा जिवंत होता. चाळीस मिनिटं होता.

"आई, त्याच्या आईला पत्र लिहायचंय," ती म्हणाली. आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. "काय लिहू? तू तिच्या जागी असतीस तर तुला काय हवं असतं?"

हा प्रश्न माझ्या पोरीनं मला विचारावा! पण मी तिला ऐकते म्हणाले होते.

"तो एकटा होता का, ते लिही," मी म्हटलं. "शुद्धीवर होता तर काय म्हणाला ते लिही. थंडी वाजत होती का. तू त्याचा हात धरला होतास का. मोठं मोठं काही लिहू नको."

"धरला होता," ती म्हणाली.

"मग तेच लिही."

मार्चमध्ये ती परत आली. विमानतळावरून येताना मागच्या सीटवर बसली, खिडकीबाहेर पाहत. म्हणाली, "आई, थोडा वेळ कोणी बोलू नका." वजन बरंच उतरलंय. हॉस्पिटलात परत जाते, काम नीट करते. घरी दार जोरात लागलं की तिच्या हातातलं काही तरी पडतं.

ती आली त्याच्या पुढच्या रविवारी आमच्याकडे बुद्धवंदनेला मंडळी आली होती, बारा-पंधरा जण. उपासना मागे भिंतीशी बसली. त्रिशरण म्हटलं, मग पंचशील सुरू झालं. लहानपणापासून ते तिला तोंडपाठ आहे. पहिल्याच शीलाशी तिचा आवाज थांबला. जीव घेण्यापासून दूर राहण्याचं ते शील. बाकीचे पुढे गेले. मी वळून पाहिलं. ती ओठ मिटून समोरच्या मेणबत्तीकडे पाहत होती.

ते शील तिच्या तोंडून का निघेना, त्या चाळीस मिनिटांत काय झालं, किंवा त्याआधी, त्यानंतर, हे तिनं मला सांगितलेलं नाही. तिच्या डोळ्यांवरून वाटतं, सांगायचं आहे. रोज सकाळी ती चहा घेऊन माझ्यासमोर बसते आणि थांबते. मी सगळं ऐकेन असं म्हटलं होतं. पण अजून मी तिला विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.